मेलेल्या पेशींचा उजेड

दराब्याचा डबा मिठाईच्या दुकानदाराने सुतळीने बांधून पुढे सरकवला आणि त्याच वेळी रंजिताच्या हातातला फोन थरथरला. इंदूरच्या प्रयोगशाळेतल्या निशाचा संदेश होता. 'मॅडम, एक बात बतानी थी. आपके पेपरवाली प्लेट के सेल्स पहले से मरे हुए थे. गलती मेरी है.' रंजिताने तो एकदा वाचला, फोन पर्समध्ये टाकला आणि दुकानदाराला विचारलं, "साजूक तुपातलाच आहे ना?" दुकानदार दुखावल्यासारखा हसला. "मॅडमजी, आपल्या बुऱ्हानपुरात दुसरा कोणी घेईल का?" ती डबा घेऊन रिक्षात बसली. शनवाऱ्याच्या चौकात रिक्षा अडकली, पुढे केळीच्या घडांनी भरलेला ट्रक आडवा लागला होता, मागचे भोंगे वाजवत होते. तुपाचं आपण का विचारलं, याचा ती विचार करू लागली. इतकी वर्षं याच दुकानातून दराबा नेतोय, कधी विचारलं नव्हतं. म्हणजे आपल्या आत कुणीतरी आहे आणि नको ती बातमी आली की ते कुणीतरी पुढे होऊन भलतंच काहीतरी बोलतं. बातमी मात्र आत शिरत नाही, उंबऱ्यावर चपला काढून ठेवल्यासारखी बाहेरच राहते. ट्रक हलला. डब्याखाली मांडी गरम झाली होती.

गेली अडीच वर्षं रंजिता महाजन त्या पेपराचंच, त्या एका शोधनिबंधाचंच काम करत होती. चव्वेचाळीस वय, कॉलेजात रसायनशास्त्राची प्राध्यापक, लालबागेत दोन खोल्यांचं भाड्याचं घर, त्यात एकटी. तिची विद्यार्थिनी कविता शाहपूरची, बापाची केळीची शेती. एक दिवस वर्गात कविता म्हणाली होती, "मॅडम, कोळशाच्या कणांवर तुम्ही शिकवलं, ते आमच्या सालींचे नाही का होणार? आमच्याकडे ढीग पडेल असतो." मग पोत्यांतून साली यायला लागल्या. धुवायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात कालवून जाड पोलादी डबीत घट्ट बंद करायच्या आणि डबी भट्टीत ठेवायची. गार झाल्यावर उघडली की करपलेल्या गुळाचा वास आणि चहाच्या रंगाचं पाणी. ते गाळून अतिनील दिव्याखाली धरलं की निळंशार उजळायचं. त्या पाण्यात कार्बनचे कण असत, इतके बारीक की एका केसाच्या जाडीत वीस हजार ओळीने बसावेत. असे कण जिवंत पेशीत शिरले तर ती न मारता तिच्या आतलं चाललेलं पाहता येतं, हा सगळ्या खटाटोपाचा अर्थ. पेशी वाढवण्याची सोय आणि तसला सूक्ष्मदर्शक बुऱ्हानपुरात नव्हता. म्हणून कुपी इंदूरला एका संस्थेत जायची आणि तिथे निशा नावाची तंत्रज्ञ ती पेशींना पाजायची. दिवाळीनंतर निशाने चित्र पाठवलं. काळ्याभोर पाटीवर पेशीच पेशी, एकूणएक उजळलेल्या, मधल्या केंद्रकासकट. केंद्रकापर्यंत कण सहसा पोचत नाहीत. आपले पोचले, असं मग पेपरात ठळक लिहिलं होतं. चित्र पाहिल्यावर कविता प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावरून खाली उतरली, खोलीभर दोन फेऱ्या मारून आली आणि परत स्टुलावर बसली. पेपर छापून आला त्याला आता बारा दिवस झाले होते. गावच्या वर्तमानपत्रांत दोघींचे फोटो आले होते. पुण्याच्या एका संस्थेत पीएचडीच्या जागेसाठी कवितेचं नाव मुलाखतीच्या यादीत लागलं होतं, ते या एका पेपराच्या जोरावर. तेवढ्याच जोरावर तिच्या घरी आलेली दोन स्थळंही थांबवून ठेवली होती.

स्टाफरूममध्ये दराबा वाटला गेला. प्राचार्यांनी दोनदा घेतला आणि म्हणाले, "शनिवारी सत्कार ठेवलाय मॅडम, दोघींचा. शाल-श्रीफळ. कलेक्टरसाहेबांना बोलावू म्हणतो." रंजिता हसली. आपलं हसणं तिला बाहेरून दिसलं, दुसऱ्या कुणाच्या लग्नातल्या फोटोत कडेला उभं राहावं तसं. मग गच्चीवर जाऊन तिने निशाला फोन लावला.

"मॅडम, दिवाली की छुट्टी में सेल्सवाली पेटी की गॅस खत्म हो गई थी," निशा भराभर सांगत होती. "मैं लौटी, प्लेट ठीक दिखी, मैंने आपका सॅम्पल डाल दिया. कल सालाना रिपोर्ट के लिए रजिस्टर मिलाया तो तारीख देखी. उसी बैच के, तब से फ्रीजर में रखे हुए सेल्स पर रंग डालकर देखा. सब मरे हुए. मरे सेल की झिल्ली फटी रहती है ना मॅडम, कुछ भी अंदर चला जाता है. न्यूक्लियस तक."

"आप न बतातीं तो किसी को पता नहीं चलता," रंजिता म्हणाली.

"हाँ."

"फिर क्यों बताया?"

"पता नहीं मॅडम. खाना नहीं खाया गया."

गच्चीवरून लांबवर असीरगडाच्या बाजूचे डोंगर दिसत होते, उन्हात पुसटलेले. मेलेली पेशी काहीही आत घेते. हे वाक्य तिला नवीन नव्हतं, वर्गात ती ते कितीदा बोलली होती. पण आता ते मनात बोलता बोलता कुठून तरी बाबांची आरामखुर्ची समोर आली. बाबा, वामन महाजन, प्राथमिक शाळेत मास्तर. घरात ते बोलत कमी आणि थांबवत जास्त. पाढा चुकला की हात वर, उच्चार चुकला की हात वर. त्यांच्यासमोर एखादं वाक्य शेवटपर्यंत गेलं असं तिला आठवत नव्हतं. ती बारा वर्षांची असताना, चैत्रातल्या एका दुपारी आई दळण आणायला गेली होती आणि बाबा खुर्चीत डोळे मिटून पडले होते. रंजिता त्यांच्या पायाशी बसली. आज सांगूनच टाकू म्हणून तिने सांगितलं, की गणितात पंचवीसपैकी अकरा पडले. हात वर झाला नाही. मग तिने सांगितलं, की प्रगतिपुस्तकावर सही तिनेच केली. तरी नाही. मग तिला भीड राहिली नाही. शाळेतलं, मैत्रिणींचं, मोठी झाल्यावर दूर जाऊन राहणार आहे ते, तुम्ही रागावता तेव्हा माझ्या पोटात दुखतं ते, सगळं ती बोलत गेली आणि बाबा ऐकत गेले. तास तरी झाला असेल. एवढं सुख तिला त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. आई आली, पिठाचा डबा खाली ठेवला, बाबांच्या कपाळाला हात लावला आणि एकदम जमिनीवरच बसली. डॉक्टर म्हणाले, दुपारी एकच्या सुमाराला गेले असावेत. रंजिता सव्वा वाजता त्यांच्या पायाशी बसली होती. हे तिने आईला सांगितलं नाही, पुढेही कुणाला सांगितलं नाही. फक्त त्यानंतर माणसं फार शांतपणे ऐकायला लागली की तिला थंडी वाजायची. दोनदा तिचं लग्न ठरत आलं होतं. दोन्ही वेळा समोरचा माणूस अतिशय समजूतदार होता आणि दोन्ही वेळा नकार तिचा होता. कारण विचारलं तर सांगता आलं नाही. पुढे पुढे लोकांनी विचारणं सोडलं आणि तिला ते बरं वाटलं. आपल्याकडे काही येत नाही, आपल्यातून काही जात नाही, अशी एक नीटनेटकी सवय तिने लावून घेतली, आणि तिला स्वभाव म्हणायला लागली.

दुपारी तिने विभागात बसून संपादकांना पत्र लिहिलं. पेपर मागे घेत आहोत, कारण असं असं. लिहायला वीस मिनिटं लागली. पाठवताना बोट अडलं नाही, हेही तिने नोंदवून ठेवलं. मग प्राचार्यांना जाऊन सांगितलं. ते आधी हसले, मग उठून दार लावून आले.

"मॅडम, कोण बघतंय? जगात रोज हजार पेपर छापतात. पुढच्या पेपरात दुरुस्त करून टाका."

"सर, चित्र मेलेल्या पेशींचं आहे. वर जिवंत असं लिहिलंय."

"पण तुम्ही तर काही केलं नाही ना? चूक इंदूरवाल्यांची. आणि त्या मुलीचं काय? तिला विचारलं?"

त्या प्रश्नाने रंजिताला पहिल्यांदा काहीतरी लागलं. विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेही सुचलं नव्हतं. ती म्हणाली, "सांगते तिला." प्राचार्यांनी सत्काराची फाईल टेबलाच्या खणात टाकली आणि पाणी प्यायले.

तिने सांगितलं मात्र नाही. उद्या सांगू म्हणत तीन दिवस गेले. कविता मुलाखतीच्या तयारीसाठी घरीच होती. तिचे संदेश येत, हा प्रश्न विचारतील का, ते उत्तर बरोबर आहे का, आणि रंजिता प्रत्येकाला नेमकं, व्यवस्थित उत्तर देई. चौथ्या दिवशी संपादकांचं उत्तर आलं. आपला प्रामाणिकपणा मोलाचा आहे, परंतु पेपर मागे घेण्यासाठी सर्व लेखकांची संमती व सह्या आवश्यक आहेत, सोबत नमुना जोडला आहे. रंजिताने नमुना छापून घेतला, पत्राच्या प्रतीसह पाकिटात घातला आणि शाहपूरची बस धरली.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच होती, वाऱ्याने पानं चिरफाळलेली. रंजिता शहरातच वाढलेली, शेतात जाण्याचा प्रसंग क्वचित. आपण अडीच वर्षं या झाडाच्या साली उकळतोय आणि त्याला कधी हात लावला नाही, एवढंच तिच्या मनात आलं आणि निघून गेलं. कवितेचं घर बाजाराच्या मागे होतं. ओट्यावर तिचे वडील भाईदास पायरीला टेकून दोरी वळत बसले होते. ते गडबडीने उठले.

"या या मॅडम, बसा. सत्काराचं बोलावणं घेऊन आल्या काय? कवितानं सांगेल होतं शनिवार म्हणून. मी म्हटलं, मले काय समजते त्यातलं, पण येतो. धोतर धुवून ठेवेल आहे."

"सत्कार नाहीये," रंजिता म्हणाली. याहून मऊ वाक्य तिला सापडलं नाही.

कविता आतून आली, हातात वही. रंजिताने तिला सगळं सांगितलं, क्रमाने, वर्गात सांगावं तसं. पेटीतला गॅस, फाटलेलं आवरण, केंद्रक. कविता ऐकत राहिली आणि रंजिताला ती जुनी थंडी वाजू लागली. शेवटी तिने पाकिटातून नमुना काढला. "इथे तुझी सही लागेल."

"तुम्ही कधी कळवलं त्यांना?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार." कवितेने वही मिटली. "चार दिवस मी तुम्हाला प्रश्न विचारून राहिले. केंद्रकात कण कसे जातात ते परवा विचारलं मी. तुम्ही उत्तर पाठवलं मॅडम. दोन पानं."

"उत्तर बरोबर होतं ते."

"हो. बरोबरच राहते तुमचं." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "त्या पेपरावर नाव माझंही होतं. सही लागली म्हणून आल्या तुम्ही. नसती लागली तर मला छापील कागदावरून कळलं असतं."

नाही, मी सांगणारच होते, असं रंजिताला म्हणता आलं असतं. ते खरं की खोटं, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. भाईदास एकदा मुलीकडे, एकदा मास्तरणीकडे पाहत होते. "अवं पण झालं काय?" त्यांनी विचारलं. कविता म्हणाली, "काही नाही बाबा, हिशोब चुकला." मग रंजिताला म्हणाली, "मी सही नाही करत आज. आधी मला पाहू द्या. मेलेलं काय आणि जिवंत काय, ते माझ्या डोळ्यांनी. तुम्ही मानलं म्हणून मी कशी मानू?"

आठवड्याने दोघी इंदूरला निघाल्या. बसमध्ये कविता खिडकीशी बसली. मोरटक्क्याच्या पुलावर बस हळू झाली, खाली नर्मदेचं पाणी उन्हात पत्र्यासारखं चमकत होतं. सगळ्या बायकांसारखे तिनेही हात जोडले आणि पर्समधून दशम्यांचा डबा काढला. एक रंजिताला दिली. "आईने तुमच्यासाठी वेगळी बांधून दिली. तिला अजून काही सांगितलं नाही मी." रंजिता खाऊ लागली. गुळाची दशमी होती. हे आपल्याला मिळतंय ते कशाबद्दल, असा विचार तिच्या मनात आला. तो तिने नेहमीसारखा बाहेर उभा केला, पण आज तो दारातून हलेना. दशमी संपली तरी तिथेच उभा होता.

निशा फोनवरच्या आवाजावरून वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. डोळे सुजलेले. तिच्या वरिष्ठांना तिने सांगून टाकलं होतं, ते रागावले, पण काढलं नाही. तिने दोन पाट्या तयार ठेवल्या होत्या. एकीत निरोगी पेशी, दुसरीत मुद्दाम मारलेल्या. दोन्हींना दोघींच्याच कुपीतले कण सारख्या मापाने, सारखाच वेळ दिले होते. खोली काळोखी केली. आधी मेलेल्यांची पाटी लागली आणि पडद्यावर ते ओळखीचं चित्र उमटलं, एकूणएक पेशी, काठोकाठ भरलेली, दिवाळीतल्यासारखी. कविता "हं" म्हणाली. मग निशाने दुसरी पाटी सरकवली. पडदा काळाच राहिला. "लगी है क्या?" कवितेने विचारलं. "लगी है. थोडा रुकिए, आँख को आदत होने दीजिए." हळूहळू दिसू लागलं. पेशींच्या कडेच्या आत बारीक बारीक ठिपके, फिके, मोजावेत इतके थोडे, आणि मधे केंद्रकाच्या जागी काळं, गोल, अगदी कोरं. आवरण शाबूत होतं, पेशीने हवं तेवढंच घेतलं होतं आणि तेही दाराशी ठेवून घेतलं होतं. रंजिताला वाटलं, हे इतकं थोडं आहे की याला कुणी पेपर म्हणणार नाही. तेवढ्यात कविता पुढे वाकली, नाक जवळजवळ पडद्याला लागलं.

"मॅडम, हे हलून राहिलं."

"कुठे?"

"हा ठिपका. मघा इथे होता, आता इकडे आला. आणि हा पण. पेशीच ओढून राहिली त्याला."

रंजिता तिच्या खांद्यावरून पाहू लागली. खरंच हलत होतं. कुणीतरी आत बसून एकेक दाणा उचलून इकडून तिकडे ठेवत होतं, घाई न करता, कुणी पाहतंय याची दखल न घेता. निशाने पहिली पाटी परत लावली. तिथे उजेड भरपूर होता आणि काहीच हलत नव्हतं. मग पुन्हा दुसरी. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी कविताच म्हणाली, "बस. समजलं." पुढे मोजमापं करायची होती, प्रत्येक पाटीची निदान वीस चित्रं घ्यायची होती. रंजिता आणि निशा यंत्रापाशी आकडे लावत बसल्या. कविता "येते" म्हणून बाहेर गेली ती तासाभराने आली.

काम उरकल्यावर दोघी संस्थेच्या कँटीनमध्ये चहाला बसल्या. रंजिताने पाकीट काढलं नव्हतं, काढावं की नाही ते ठरत नव्हतं. कवितेनेच हात पुढे केला. "द्या." तिने नमुना बाजूला ठेवला आणि आधी संपादकांना पाठवलेलं पत्र वाचायला घेतलं. इंग्रजी होतं, ती ओठ हलवत वाचत होती. शेवटच्या परिच्छेदाशी थांबली आणि मराठीत मोठ्याने म्हणाली, "या चुकीची जबाबदारी सर्वस्वी माझी असून सहलेखिकेचा तिच्याशी काहीही संबंध नाही." मग वर पाहिलं. "संबंध नाही म्हणजे? त्या चित्रावरून 'केंद्रकापर्यंत पोचले' हे वाक्य कोणी लिहिलं होतं?"

"तू."

"मग?"

"तुझं नुकसान होऊ नये म्हणून लिहिलं मी."

"ते व्हायचं ते झालं," कविता म्हणाली. "मघा बाहेर गेले तेव्हा पुण्याला फोन केला. सांगितलं सगळं. त्यांनी यादीतून नाव काढलं. पुढच्या वर्षी परत भरा म्हणे, नवीन काम घेऊन." रंजिताने कप खाली ठेवला. "मला विचारायचं तरी," ती म्हणून गेली, आणि म्हटल्याबरोबर तिला ते ऐकू आलं. कवितेलाही आलं. आधी कविता हसली, मग रंजिताला हसू आलं. ते सुटलं ते आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, शेजारच्या टेबलावरची मुलं वळून पाहू लागली, तरी आवरेना. हसण्याचं रडणं केव्हा झालं ते तिला कळलं नाही. कविता नुसती ऐकत बसली नाही. तिने पर्समधून रुमाल काढून तिच्या हातात कोंबला, "पुसा, लोक बघून राहिले," म्हणाली आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.

पत्रावर तिने 'माय' वर काट मारून 'अवर' लिहिलं. सहलेखिकेचं अख्खं वाक्य खोडलं. खाली एक ओळ घातली, की त्याच कणांनी जिवंत व मृत पेशी वेगळ्या ओळखता येतात का, हे आम्ही तपासत आहोत. 'तपासत आहोत'च्या जागी आधी 'तपासणार आहोत' अशा अर्थाचं लिहिलं होतं, ते तिने पुन्हा वाचून बदललं. मग नमुन्यावर सही केली, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, देवनागरीत. कागद रंजिताकडे सरकवला.

"हे पत्र नव्याने टाइप करून घ्या, मग तुमची सही. आणि मॅडम, घरी बाबांना अन् आईला तुम्ही सांगायचं. मला नाही जमणार. बाबांनी धोतर धुवून ठेवेल आहे अजून."

"मी काय सांगू त्यांना?" रंजिताने विचारलं. हा प्रश्न तिने खरोखरच विचारला होता, उत्तर हवं म्हणून.

"जे झालं ते. पण वर्गात सांगता तसं नका सांगू." कवितेने चहाचा शेवटचा घोट घेतला. "थांबून थांबून सांगा. बाबा मधे मधे खूप विचारतात. त्यांना विचारू द्या."